पाखरं उडवणारी गाणी

आमच्या घरात गाणं हा आजार समजला जायचा, आणि तोही अंगावर काढण्याचा. ताप आला तर नाशिकजवळच्या गिरणारे गावच्या डॉक्टरकडे नेऊन सुई टोचून आणत. पण गाणं आलं तर लक्ष द्यायचं नाही, चार दिवसांत आपोआप उतरतं, असं नानांचं मत. नाना म्हणजे माझे वडील. गिरणाऱ्याच्या अलीकडे आमची द्राक्षाची बाग, बागेच्या तोंडाशी घर, आणि त्या घरात पहाटेपासून इतके आवाज, की त्यात माझा एक जास्तीचा आवाज कोणाला नको असेल तर आज मी ते समजू शकतो. आईच्या भाकऱ्या थापण्याचा आवाज, विहिरीवरच्या मोटारीची घरघर, औषध मारायच्या ब्लोअरचा कान फोडणारा घोंघाट, आणि या सगळ्यावर चढवलेला नानांचा आवाज. ब्लोअर बंद असला तरी नाना तो चालू असल्यासारखंच बोलायचे. चूळ भरता भरता मी एखादी तान घेतली की ओट्यावरून विचारायचे, "संद्या, काय दुखतंय का रं?"

मी स्वतःचीच गाणी का करायचो, याची मोठी कारणं मी पुढे लोकांना सांगितली. स्वतःचा शब्द, मातीचा सूर वगैरे. खरं कारण एवढंच की दुसऱ्यांची गाणी मला नीट यायची नाहीत. ऐकणाऱ्याला मूळ चाल माहीत असते, त्यामुळे चूक लगेच पकडली जाते. स्वतःच्या गाण्यात ही भानगड नाही. नाशिकला कॉलेजात गेल्यावर होस्टेलच्या एका पोराने परीक्षेच्या वैतागात काढून टाकलेली गिटार माझ्याकडे आली आणि मी गाणी करत सुटलो. त्याच वर्षी एका स्पर्धेत माझं पहिलं गाणं म्हटलं. म्हणून झाल्यावर परीक्षक बाईंनी चष्मा सारखा केला.

"छान. कोणाचं हे?"

"माझं."

"ते कळलं, तू म्हटलंस. मूळ कोणाचं?"

"मूळसुद्धा माझंच."

बाईंनी शेजारच्या परीक्षकांकडे पाहिलं. ते प्रामाणिकपणे म्हणाले, "अरे, मग तू बरोबर म्हटलंस की चूक, हे आम्ही ठरवायचं कसं?"

मला राग आला होता. आज वाटतं, बिचाऱ्यांचा प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर मला अजूनही सापडलेलं नाही.

नंतर एका ऑर्केस्ट्रात गिटारवाला म्हणून शिरलो. गणपतीचे दिवस, नाशिकरोडची एक कॉलनी, समोर खुर्च्यांवर ड्युटीवरून आलेले लोक आणि त्यांच्या मांडीवर पेंगणारी मुलं. मुख्य गायकाचा घसा बसला म्हणून मधे मला एक गाणं म्हणायला मिळालं. मी अर्थातच माझं काढलं. डोळे मिटून पहिलं कडवं संपवलं आणि उघडले, तर स्टेजच्या कडेला एक आजोबा उभे. वाटलं, दाद द्यायला आले. मी वाकलो. ते अगदी मायेने म्हणाले, "बाळ, हे झालं की एखादं गाणं म्हण."

असं चाललेलं असताना माणसाने शहाणं व्हावं. मी सीडी काढली.

रवी नावाचा माझा मित्र सातपूरला त्याच्या भावाच्या वर्कशॉपवर असायचा. शेडच्या मागच्या खोलीत त्याने कुठून तरी कॉम्प्युटर आणि माईक जमवला होता, भिंतींना गोधड्या ठोकल्या होत्या आणि त्या खोलीला तो स्टुडिओ म्हणायचा. अडचण एकच. भिंतीपलीकडे वायसर कापायचा पॉवर प्रेस होता आणि तो सारखा ठप्प, ठप्प करत पत्रा कापायचा. गोधड्यांनी माणसांचे आवाज थांबले, प्रेसचा थांबला नाही. सुट्टीच्या दिवशी यावं, तर सुट्टीच्या दिवशी प्रेस बंद आणि त्या भागाची लाईटही बंद. प्रेस चालला तरच कॉम्प्युटर चालणार. आम्ही डोकं धरून बसलो. शेवटी रवीच म्हणाला, "अरे, नाहीतरी तबलजी परवडत नाहीये. प्रेस तर फुकटात ठेका धरतोय की!" म्हणून माझी सगळी गाणी, विरहाचीसुद्धा, वायसरच्या चालीवर झाली. मधेच ऑपरेटर चहाला गेला की ठेका तुटायचा आणि आम्हीही चहाला जायचो.

सीडीच्या कव्हरवर मी बागेत गिटार घेऊन क्षितिजाकडे बघतोय, असा फोटो होता. फोटोत क्षितिज आलं नाही, औषधाचा निळा ड्रम आला. आईने तेवढंच बघितलं. "फोटो काढताना तो ड्रम तरी बाजूला सारायचा," असं म्हणून तिने पहिली सीडी देव्हाऱ्यात ठेवली आणि हळदकुंकू वाहिलं. ती कुठे लावायची हे तिला माहीत होतं, कारण आमच्याकडे प्लेअर होता. पण लावली नाही. देवाला वाहिलेली वस्तू काढून कशी वाजवायची? उरलेल्या सीड्या मेनरोडच्या एका दुकानात ठेवल्या. दर आठवड्याला मी गिऱ्हाईक बनून जायचो आणि त्या कुठे आहेत ते बघायचो. आधी काउंटरवर होत्या, मग फळीवर, मग फळीच्या मागे आणि मग एक दिवस दुकानदार म्हणाला, "भाऊ, तुम्ही स्वतःच किती दिवस विचारणार? घेऊन जा." नातेवाइकांनी मात्र आनंदाने घेतल्या. नांदगावचे मामा पुढच्या भेटीत म्हणाले, "तुझी सीडी रोज वापरतो हं." मला भरून आलं. मग कळलं, मागची बाजू चकचकीत असते म्हणून मामा ती खिडकीत टेकवून दाढी करायचे. मधल्या भोकामुळे नाक दिसत नाही, एवढीच त्यांची तक्रार.

थंडी सरताना द्राक्षांत साखर उतरायला लागते आणि ही बातमी सगळ्यांत आधी पाखरांना लागते. बुलबुल, साळुंक्या, पोपट. एका मण्याला चोच लागली की घड गेलाच. एके दिवशी जेवताना नानांनी ताटातून मान वर न करता विचारलं, "त्या खोक्यातल्या सीड्या तुला लागणारेत का?"

"का?"

"काय नाय. चमकत्यात चांगल्या."

मला कळलं. त्यांना ते विचारायला अवघड गेलं होतं, हेही कळलं. पण तेव्हा मी चिडण्यासाठी कारणच शोधत होतो. "न्या सगळ्या," म्हटलं, "पाखरं तरी ऐकतील." नाना दुपारभर बसले, एकेका सीडीच्या भोकातून सुतळी ओवली, नीट दुहेरी गाठ मारली आणि ओळीओळीने तारांना बांधल्या. नुसत्या वाऱ्याच्या झुळकीवर माझी गाणी गरागरा फिरायला लागली. उन्हात सगळी बाग लखलखली, आणि खरं सांगायचं तर पाखरं फिरकेनात. शेजारचे कारभारीअण्णा बांधावर थांबून म्हणाले, "नाना, तुमच्याकडं एक पाखरू थांबत नाय राव! काय लावलं?" नाना छाती फुगवून म्हणाले, "पोराच्या सीड्या हायेत!" माझ्या गाण्याबद्दल नानांच्या तोंडून अभिमानाचं निघालेलं हे पहिलं वाक्य.

आज माझी गाणी मोबाईलवर असतात. माझी मुलगी ती चढवते आणि किती जणांनी ऐकलं ते अधूनमधून बघते. परवा बघून म्हणाली, "बाबा, तेव्हा पाखरं जास्त होती."

तर तेव्हा, सीड्या बागेत टांगल्या गेल्यावर, मी गाणं सोडलं. कोणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर "कधी धरलं होतं?" असं कोणीतरी विचारलं असतं. गिटार माळ्यावर गेली. मी ट्रॅक्टरवर बसलो, ब्लोअर चालवायला लागलो आणि नाना खूश झाले. मी मात्र सगळ्यांवर खेकसत होतो. आईने केलेले कुळथाचे शेंगोळे, जे मी एरवी पातेलं पुसून खायचो, ते मी मीठ कमी म्हणून बाजूला सारले. मीठ कमी नव्हतं. रस्त्यावरून जाणाऱ्या टेम्पोत गाणं लागलं तरी मला वाटायचं, मुद्दाम माझ्या दारावरून नेतायत.

त्या सुमारास बागेत पेपर लावायचं काम चालू होतं. निर्यातीच्या मालाला ऊन लागून मणी गुलाबी पडू नयेत म्हणून एकेका घडाला वर्तमानपत्राचा कागद गुंडाळतात. हे काम करायला पेठ तालुक्यातून दरवर्षी ठरलेली टोळी यायची. विहिरीजवळ त्यांच्या ताडपत्रीच्या झोपड्या, मोटारीच्या खोलीतून ओढलेली एक वायर, त्या वायरवर एक बल्ब आणि एक जुना सीडी प्लेअर. टोळीचा मुकादम काशिनाथ होता असं म्हणायचं, पण टोळी चालायची ती त्याच्या बायकोच्या, हिराबाईच्या, तोंडावर. त्याच दिवसांत नाना कुरकुरत आले, की दुसऱ्या ओळीतली एक सीडी कोणीतरी चोरली. मला कुठेतरी बरं वाटलं. विकली गेली नव्हती, पण चोरावीशी तरी कोणाला वाटली.

मग एका सकाळी मी रद्दीचा गठ्ठा खांद्यावर घेऊन बागेत शिरलो आणि थबकलो. ओळींच्या आतून बायका कागद गुंडाळता गुंडाळता एका सुरात म्हणत होत्या,

उन्हं कलली की ये, पाटाच्या कडेनं ये,
कुणी विचारलंच तर सांग, माझं काहीतरी हरवलं,
हरवलं, हरवलं…

आणि पुन्हा पहिल्यापासून, उन्हं कलली की ये.

ते माझं गाणं होतं. आता इथे कादंबरीतल्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं असतं. मला संताप आला. कारण ते चुकीचं म्हणत होत्या.

"हिराबाई, हे गाणं कुठलं?"

"सीडीतलं हाय."

"कुठल्या सीडीतलं?"

हिराबाईने बाकीच्यांकडे बघितलं. "पडली व्हती खाली."

दुहेरी गाठ आपोआप कशी सुटली, ते मी विचारलं नाही. "पण हे असं नाहीये. हरवलं एकदाच आहे."

"तीनदा हाय."

"अहो, एकदाच!"

"आम्ही रोज ऐकतो ना दादा. तीनदा म्हणतो तो, आन् मग पयल्यापासून धरतो."

"ती सीडी अडकते तिथं! तारेला घासून चरा पडलाय तिला!"

"दरवेळी बरी तिथंच अडकती," हिराबाई म्हणाली, आणि बायका हसल्या.

"मीच केलंय ते गाणं," मी रद्दी खाली टाकली. "मीच म्हटलंय."

आता हसणं थांबलं आणि त्या माझ्याकडे काळजीने बघायला लागल्या. त्यांच्यातली एक तरुण बाई समजुतीने म्हणाली, "त्यो बाप्या येगळा हाय दादा. त्याचा आवाज बारीक हाय. आन् मागं ढोल वाजतो त्याच्या."

"ढोल नाही तो. सातपूरचा प्रेस आहे!"

मी स्वतःच्या कानांनी ते वाक्य ऐकलं आणि त्यांचं काही चुकत नाही हे मला पटलं.

"मंग म्हणून दाखव," हिराबाई म्हणाली.

कित्येक आठवड्यांत मी तोंडातून सूर काढला नव्हता. गंधकाची धुरळणी करून घसा खरवडलेला, समोर कागदाचे तुकडे हातात धरून उभ्या बायका, आणि माझी इज्जत पणाला. कारण हे गाणंही माझं नाही असं ठरलं असतं, तर मग माझं म्हणावं असं काहीच उरत नव्हतं. मी सुरू केलं. आवाज फाटला. पुन्हा सुरू केलं. 'हरवलं'पर्यंत आलो तर बायकांनी सवयीने 'हरवलं, हरवलं' धरलं, मी पुढे निघालो आणि आमची टक्कर झाली.

"थांबा, पुढे आहे अजून."

"पुढं हाय?" त्या खरोखर चकित झाल्या. त्यांनी ते कधी ऐकलंच नव्हतं. हात थांबले. मी डोळे मिटून पुढचं कडवं म्हटलं, ज्याचा मला भारी अभिमान होता. आभाळाचं दर्पण, तारकांचे पैंजण, रजनीचा पदर, सगळं होतं त्यात. संपलं. डोळे उघडले.

हिराबाईने पुढच्या घडाला कागद लावायला घेतला होता. "पयलं चांगलं हाय," ती म्हणाली.

"आणि पुढचं?"

"पुढचं राहू दे."

"का?"

"ती आली का नाय मग?"

"कोण?"

"आता कोण! पाटाच्या कडंनं ये म्हणला ना तिला? आली का?"

"तसं थेट सांगायचं नसतं गाण्यात."

"बरं, हरवलं काय?"

"ते रूपक आहे."

"काय हाय?"

"काही नाही."

"खुरपं म्हण ना," एक जण म्हणाली. "शेळी म्हण," दुसरी. "कानातलं." मघाची तरुण बाई म्हणाली, "नवरा हरवला म्हण, म्हंजे शोधायलाच नको!" आणि सगळी ओळ अशी हसली की वरच्या सीड्या हलल्या.

मी रद्दी तिथेच टाकून घरी आलो. जेवताना आईपाशी सगळं ओकलो. या लोकांना काव्य कळत नाही, सीडी चोरतात आणि वर तोंड करून मलाच शिकवतात. आईने शांतपणे भाकरी वाढली आणि विचारलं, "आली का मग ती?"

"आई, तू पण?"

"नसंल आली," नाना आमटी भुरकत म्हणाले. "आली असती तर एवढं रडं कशाला लावलं असतं यानं."

मी घास हातात धरून बघतच राहिलो. म्हणजे या घरातसुद्धा ते कोणीतरी ऐकलं होतं. कधी, ते दोघांनीही सांगितलं नाही, आणि मी विचारलं असतं तर नानांनी बाजाराचा विषय काढला असता.

पुढचे दिवस भयंकर गेले. कारण हिराबाईचं बरोबर होतं, आणि ते मला आधीपासून माहीत होतं. ते कडवं मी जागा भरायला लिहिलं होतं. गाण्याला दुसरं कडवं लागतं आणि दुसऱ्या कडव्यात चांदण्या असतात, म्हणून. परीक्षकांनी चूक-बरोबर ठरवलं नाही, दुकानदाराने ऐकलं नाही, मामांनी दाढी केली. त्या सगळ्यांना मी मनातल्या मनात नावं ठेवली होती, पण पुढे काय झालं असं विचारणारं माणूस भेटलं तेव्हा माझ्याकडे सांगायला काही नव्हतं. ती आली असं लिहिलं तर गाणं खोटं वाटायचं. आली नाही असं लिहिलं तर नानांचं रडं. कागद फाडले, आईवर खेकसलो, ट्रॅक्टरवर बसून तीच ओळ घोळवत राहिलो. आणि एका दुपारी ब्लोअरच्या त्या घोंघाटात, जिथे स्वतःचं बोलणंही ऐकू येत नाही, दोन ओळी डोक्यात आल्या. विसरू नयेत म्हणून मी त्या ओरडून ओरडून म्हणत राहिलो आणि त्या नादात द्राक्षांच्या एकाच ओळीवर दोनदा औषध मारलं. बांधावरून नाना हातवारे करत शिव्या देत होते. ब्लोअरमुळे त्या मला ऐकू आल्या नाहीत.

हात धुऊन झोपड्यांकडे धावलो, तर ताडपत्र्या नव्हत्या. पेपर लावायचं काम आदल्या दिवशीच संपलं होतं आणि टोळी मोहाडीला दुसऱ्याच्या बागेत गेली होती. माझं नशीब असंच. ऐकणारे मिळेपर्यंत गाणं तयार नव्हतं, आणि गाणं तयार झालं तर ऐकणारे बदलीवर.

दुसऱ्या दिवशी मी माळ्यावरून गिटार काढली. एक तार तुटलेली, आत झुरळांचा संसार. झटकली, पाठीला लावली आणि नानांची गाडी काढली.

"कुठं?" नाना.

"मोहाडीला."

"काय काम?"

"हिराबाईला एक सांगायचं राहिलंय."

नानांनी माझ्याकडे बघितलं, पाठीवरच्या गिटारकडे बघितलं. "येताना सल्फरची गोणी घेऊन ये," म्हणाले.

मोहाडीत विचारत विचारत ती बाग सापडली. परक्याची बाग, तिथे गिटार घेऊन शिरताना चोरासारखं वाटत होतं. हिराबाई एका ओळीच्या टोकाला काखेत रद्दी घेऊन कागद गुंडाळत होती. मला बघून तिला काही आश्चर्य वाटलं नाही. "आला का," एवढंच म्हणाली. मी गिटार पुढे घेतली आणि सुरू केलं. 'हरवलं' मी तीनदा म्हटलं, कारण तोपर्यंत ते मलाही तसंच बरं वाटायला लागलं होतं. आणि मग पुढे गेलो, या वेळी तिच्या तोंडून,

शेळी नाही, खुरपं नाही, कानातलं तर नाहीच नाही,
इथं रोज बसायचा जो, तोच कुठं दिसत नाही.

गाणं संपलं. हिराबाईने घडाला कागद लावला, खालचं टोक मुडपलं, मग माझ्याकडे वळली.

"झालं?"

"हो."

"शेजारी ब्लोअर चालू हाय नं, काय बी ऐकू नाय आलं." तिने काखेतली रद्दी खाली ठेवली, बाकीच्या बायकांना हाताने बोलावलं आणि ओळीच्या दुसऱ्या टोकाकडे चालायला लागली. "इकडं ये. परत म्हण."